प्रतिनिधी झाले, आता मत कुणाचं मांडू?

प्रश्न : ताई नमस्कार, मी मुलुंडला राहते, मसाज थेरपिस्ट आहे, जास्त करून घरी जाऊन सेशन घेते. आमच्या संघटनेत यंदा मला विभागाची प्रतिनिधी म्हणून निवडून दिलंय. पुढच्या महिन्यात दादरला सभा आहे आणि ठराव असा आलाय की कंबरदुखीसाठी मसाज उपयोगी आहे अशी संघटनेने अधिकृत भूमिका घ्यावी, म्हणजे ती डॉक्टरांना, कंपन्यांना दाखवता येईल. ठराव चांगलाय पण त्यात एक ओळ घुसवलीय, "मसाजने शरीरातले टॉक्सिन्स बाहेर पडतात". मला हे पटत नाही. ग्रुपवर विचारलं तर सगळे म्हणाले राहू दे गं, क्लायंटला तेच ऐकायला आवडतं. आता मत लोकांचं मांडू की माझं? (मुलुंड)

उत्तर : आधी अभिनंदन, कारण ही फुकटची धावपळ घ्यायला सहसा कुणी पुढे येत नाही! आता मुद्द्यावर येते. प्रतिनिधी म्हणजे नुसता निरोप्या नाही. लोकांनी तुम्हाला मतांची बेरीज करायला निवडलं असतं तर गुगल फॉर्मवरच भागलं असतं. पण म्हणून त्यांना न विचारता तिथे जाऊन आपल्या मनाचं करायचं असंही नाही. माझं सरळ मत, ठरावाच्या बाजूने मत द्या आणि ती एक ओळ काढायची उपसूचना मांडा.

ओळ का काढायची तर ती टिकणार नाही म्हणून. शरीरातला नको तो कचरा काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात, आणि ज्या लॅक्टिक अ‍ॅसिडचं नाव घेऊन हे सांगतात ते व्यायाम संपल्यावर साधारण तासाभरात आपलं आपणच कमी होतं, मसाज करा नाहीतर नका करू. ज्या डॉक्टरला तुम्ही हा कागद दाखवणार तो नेमका त्याच ओळीवर बोट ठेवेल आणि मग बाकीचं खरं असलेलंही वाचणार नाही. खरं म्हणजे तुमच्याकडे सांगण्यासारखं आहे की. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेने 2017 मध्ये कंबरदुखीसाठी ज्या सूचना काढल्या त्यात नव्याने सुरू झालेल्या दुखण्याला औषधांच्या आधी शेक, मसाज, अ‍ॅक्युपंक्चर असे उपाय करून बघा म्हटलंय. मसाजसाठीचा पुरावा फार भक्कम नाही हेही त्यांनी तिथेच लिहिलंय, तेही ठरावात येऊ द्या, लाज कसली.

अमेरिकन मसाज थेरपी असोसिएशन 1943 साली शिकागोत सुरू झाली, त्यांच्याकडेही अशा भूमिका प्रतिनिधींच्या सभागृहातून ठरायच्या. एखादा सदस्य संशोधनाचे दाखले जोडून मसुदा द्यायचा, प्रतिनिधी आपापल्या राज्यातल्या सदस्यांशी बोलायचे आणि मग मतदान. खरं काम ते मधलं, बोलण्याचं, आणि आपल्याकडे नेमकं तेच राहतं.

म्हणून ग्रुपवरच्या अंगठ्यांवर जाऊ नका. ग्रुपवर बोलणारे ठरलेले चार जण असतात, बाकीच्यांना फोन करा. आणि एक गोष्ट मुद्दाम सांगते, मुंबईत दृष्टिहीन थेरपिस्ट बरेच आहेत, तुमच्याही विभागात असतीलच. ठरावाचा मोबाईलवर काढलेला वाकडा फोटो पाठवला तर त्यांचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, तो धड वाचत नाही, तेव्हा मजकूर टाइप करून पाठवा किंवा व्हॉइस नोट टाका. हे न करता "सगळ्यांना विचारलं" म्हणायचं नाही.

उपसूचना तोंडी नको, कागदावर द्या : "ठरावातील 'मसाजने शरीरातले टॉक्सिन्स बाहेर पडतात' हे वाक्य वगळावे, बाकी ठराव कायम." खाली सूचक म्हणून तुमची सही, आणि अनुमोदक आधीच गाठून ठेवा, सभेत ऐनवेळी सगळे खाली बघतात. उपसूचना किती दिवस आधी द्यायची ते संस्थेच्या घटनेत बघा. पडली तर पडली, पण तुम्ही काय मांडलं ते इतिवृत्तात आलं पाहिजे, आणि घरी आल्यावर विभागातल्या लोकांना मी असं मत दिलं आणि का दिलं ते लिहून कळवा. चिडतील एकदोघं, चिडू देत. आणि हो, सभा रविवारी असेल तर मेगाब्लॉक बघून निघा, कोरम जमेपर्यंत पोचलेलं बरं.

प्रश्न : आमचा प्रतिनिधी कोण तेच आम्हाला माहीत नाही, निवडणूक कधी झाली कळलं नाही, विचारलं तर उडवाउडवी. काय करू शकतो? (कांदिवली)

उत्तर : संस्थेकडे लेखी अर्ज करून घटनेची प्रत आणि मागच्या सभेचं इतिवृत्त मागा, अर्जाच्या कॉपीवर पोच घ्या. संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल तर कार्यकारिणी बदलल्यावर 90 दिवसांत बदल अर्ज, ज्याला सगळे चेंज रिपोर्टच म्हणतात, तो धर्मादाय आयुक्तांकडे द्यावा लागतो. मुंबईतलं त्यांचं ऑफिस वरळीला आहे, तिथे अर्ज आणि फी भरून नकला मिळतात. मात्र तिथे नावं कार्यकारिणीची सापडतील, विभागाचे प्रतिनिधी कसे निवडायचे हे घटनेतच असतं, म्हणून आधी ती मिळवा. बऱ्याचदा लेखी अर्ज गेला की उडवाउडवी आपोआप थांबते.