कोविडमध्ये मॉरिशससारख्या छोट्या बेटाने अर्थव्यवस्था कशी सावरली?

थोडक्यात सांगायचं तर पगार सरकारने दिले आणि मोठ्या कंपन्यांना मध्यवर्ती बँकेने हात दिला.

मार्च 2020 मध्ये सीमा बंद झाल्या आणि पर्यटन जवळपास शून्यावर आलं. एप्रिलमध्ये देशाची विमान कंपनी एअर मॉरिशस आर्थिक संकटामुळे बाहेरून नेमलेल्या प्रशासकांच्या ताब्यात गेली. सरकारने तातडीने वेतन सहाय्य योजना आणली. महिना 50,000 मॉरिशस रुपयांपर्यंत पगार असलेल्यांच्या वेतनाचा भार मालकाऐवजी सरकारने उचलला, माणशी कमाल मर्यादा महिना 25,000. फेरीवाले, टॅक्सीवाले, छोटे कारागीर अशा स्वयंरोजगारवाल्यांना महिन्याला 5,100 रुपये मिळाले. रक्कम तुटपुंजी, पण वेळेवर आली, आणि हातावर पोट असलेल्याला तेच महत्त्वाचं.

खरा वादाचा मुद्दा पुढचा आहे. बँक ऑफ मॉरिशस या मध्यवर्ती बँकेने सरकारला तब्बल 60 अब्ज रुपये दिले, शिवाय 80 अब्जांची मॉरिशस इन्व्हेस्टमेंट कॉर्पोरेशन ही गुंतवणूक कंपनी उभी केली. हिने अडचणीतल्या हॉटेल कंपन्यांमध्ये पैसा ओतला, बराचसा रोख्यांच्या रूपात. हॉटेलं तगली हे खरं. पण नोटा छापणाऱ्या बँकेनेच हॉटेलांत गुंतवणूक करावी का? आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनेही यावर बोट ठेवलं आणि बँकेने त्या कॉर्पोरेशनमधून बाहेर पडावं असं सुचवलं. मला तो आक्षेप पटतो.

एवढं करूनही 2020 मध्ये अर्थव्यवस्था सुमारे 15 टक्क्यांनी आकसलीच. ऑक्टोबर 2021 मध्ये लस घेतलेल्या पर्यटकांना विलगीकरणाशिवाय प्रवेश मिळाला, तेव्हा कुठे हॉटेलांना खरी कमाई सुरू झाली.