गुमटीवरची पाटी, पंचहौदचा चहा आणि तुमचे प्रश्न

ह्या महिन्यात चहा-कॉफीवरच इतके प्रश्न आले की बाकीचे सगळे पुढे ढकलले. त्यातले चार घेतेय.

प्रश्न: ताई, नमस्कार. आम्ही काही रिटायर मंडळी सकाळी फिरून आलो की घराजवळच्या गुमटीवर चहा घेतो. आता मालकाने पाटी लावली आहे, 'यहाँ राजनीतिक चर्चा करना मना है'. आमच्यातले एक म्हणतात हा अभिव्यक्ती स्वातंत्र्यावर घाला आहे, दुसरे म्हणतात बरंच झालं, आजकाल कोण कधी कम्प्लेंट करेल सांगता येत नाही. कायदा काय म्हणतो? आणि चहा पिताना बोलण्यावर पूर्वी कधी बंदी आली होती का?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर: काका, आधी पाटीचं बघू. गुमटी त्याची आहे, त्याने पाटी लावली त्यात बेकायदा काही नाही. घटनेच्या कलम १९ मधलं बोलण्याचं स्वातंत्र्य आपण सरकारकडे मागू शकतो, चहावाल्याकडे नाही. पण त्याच मालकाने जात बघून कोणाला वेगळा ग्लास दिला तर तो सरळ गुन्हा आहे, कलम १५ मध्ये दुकानं, हॉटेलं स्पष्ट लिहिलेली आहेत आणि १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात तर हॉटेलातल्या भांड्यांचा पण उल्लेख आहे. म्हणजे चहावाला 'राजकारण बोलू नका' म्हणू शकतो, 'तू इथे बसू नको' हे जातीवरून म्हणू शकत नाही, आणि मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो.

आता तुमच्या दुसऱ्या मित्रांची भीती. सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये श्रेया सिंघल प्रकरणात आयटी अ‍ॅक्टचं, ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराला शिक्षा देणारं कलम ६६अ रद्द केलं तेव्हा तीन गोष्टी वेगळ्या केल्या: चर्चा करणं, एखाद्या मताचा प्रचार करणं, आणि चिथावणी देणं. पहिल्या दोन कितीही कडू असल्या तरी चालतात, कायदा मध्ये येतो तो चिथावणीच्या टप्प्यावर. सरकार चुकलं, अमका नेता नालायक आहे, तमका पक्ष देश बुडवणार, हे सगळं गुमटीवर खुशाल बोला. अमक्या समाजाला धडा शिकवायला चला असं कोणी म्हणालं की मात्र तिथून उठा, कारण दोन समाजांत वैर पसरवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली येतं, आणि तेच वाक्य व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड केलं तर त्याचा पुरावा आपल्याच फोनमध्ये राहतो. इंदूरला २०२१ च्या डिसेंबरपासून पोलीस कमिशनर सिस्टम आहे, त्यामुळे सणावाराला किंवा निवडणुकीत जमावबंदीचे किंवा सोशल मीडियाचे ऑर्डर निघतात ते बहुतेक तिथूनच, ते तेवढे वाचत जा.

नुसत्या चहा पिण्यावरून पण प्रकरण कोर्टात गेलेलं आहे बरं का. कोल्हापुरात एका माणसाला पोलिसांनी चहाच्या ठिकाणाहून संशयास्पद म्हणून उचललं होतं, ते मुंबई हायकोर्टात गेलं तेव्हा न्यायमूर्तींनी म्हटलं की सकाळी, दुपारी किंवा रात्री चहा घेण्याचं स्पष्टीकरण द्यावं असा कोणताही कायदा आम्हाला माहीत नाही, आणि चहा 'संशयास्पदरीत्या' कसा पितात तेही माहीत नाही. हे वाचून मला खूप बरं वाटलं होतं.

आणि बंदी? भरपूर वेळा आली, कॉफीवर तर जास्तच. १५११ मध्ये मक्केत खैर बेग नावाच्या अधिकाऱ्याने रात्री मशिदीजवळ लोक घोळक्याने कॉफी पिताना बघितले आणि धर्मशास्त्री, वैद्य सगळ्यांना बोलावून कॉफीवर बंदी घातली, साठे जाळले, पण वरून कैरोच्या सुलतानाने ती काही चालू दिली नाही. इस्तंबूलला १६३३ मध्ये चौथा मुराद ह्याने कॉफीची दुकानंच बंद पाडली, शिक्षा देहदंडापर्यंत. तिथे कादिझादे मेहमेद नावाच्या धर्मोपदेशकाची कडवी चळवळ होती, कॉफी, तंबाखू, सूफींचे गाण्याबजावण्याचे कार्यक्रम हे सगळं धर्मबाह्य म्हणणारी, आणि सुलतानाला लोक एकत्र बसून दरबाराबद्दल बोलतात ह्याची धास्ती होती. एकाला धर्म हवा होता, दुसऱ्याला शांतता, आणि मध्ये मेला कॉफी पिणारा. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने तर कारण उघडच लिहिलं: २९ डिसेंबर १६७५ च्या जाहीरनाम्यात कॉफी हाऊसमध्ये सरकारबद्दल खोट्या आणि बदनामीकारक बातम्या पसरतात म्हणून १० जानेवारीपासून सगळी बंद. लोक इतके भडकले की तारीख उजाडायच्या आधीच हुकूम मागे घ्यावा लागला!

आपल्याकडे १९७६ मध्ये आणीबाणीत दिल्लीत कनॉट प्लेसचं कॉफी हाऊस पाडलं, जिथे सगळ्या पक्षांचे लोक बसायचे. कॉफी हाऊसची गोष्ट तशी वेगळीच आहे, कॉफी बोर्डाने पन्नासच्या दशकात ती बंद करायला घेतली तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन ह्यांच्या पुढाकाराने कामगारांनीच सहकारी सोसायट्या काढून ती चालवायला घेतली, आपल्या मध्य प्रदेशातली जबलपूरच्या सोसायटीची आहेत.

तर काका, पाटी लावणाऱ्यावर रागावू नका, तो बिचारा भांडणं आणि पोलिसांची ये-जा टाळतोय. त्याला एकदा सांगून बघा की आवाज चढला तर आम्ही स्वतःच उठून जाऊ.

प्रश्न: मी पीएससीची तयारी करतेय. पंचहौद चहा प्रकरण म्हणजे नक्की काय? नुसता चहा प्यायला म्हणून टिळकांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं हे खरं का? माझी आजी म्हणते असं काही झालंच नाही.
— एक विद्यार्थिनी, टिळक नगर, इंदूर

उत्तर: झालंय गं, आजीला सांग. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद ह्या ख्रिस्ती मिशनमध्ये कार्यक्रमाला शहरातली मोठमोठी मंडळी जमली होती, न्यायमूर्ती रानडे, टिळक, गोखले सगळे. नंतर मिशनवाल्यांनी चहा-बिस्किटं पुढे केली. कोणी प्यायला, कोणी हातात कप घेऊन नुसता बसला. हे जुळवून आणलं होतं गोपाळराव जोशींनी, डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, आणि त्यांनीच हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली. झालं, पुण्यात आग लागली. ख्रिस्त्यांच्या हातचा चहा म्हणजे धर्म बुडाला. सनातनी मंडळींनी शंकराचार्यांकडे तक्रार केली, शंकराचार्यांनी चौकशीला माणसं पाठवली, बाजू मांडल्या गेल्या, अगदी कोर्ट भरल्यासारखं. टिळक शास्त्र घेऊन वाद घालायला उभे राहिले आणि आपण काशीला प्रायश्चित्त घेतलंय असं सांगून मोकळे झाले. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं आणि त्यांचे स्वतःचे सुधारक मित्रच त्यांच्यावर भयंकर चिडले.

परीक्षेत जहाल आणि मवाळ अशा दोन कॉलमांत नावं पाठ करतात ना, त्यात हे प्रकरण बसत नाही म्हणून मला ते आवडतं. ज्यांना आपण पुढे जहाल म्हणतो ते आणि मवाळ म्हणतो ते दोघंही एकाच टेबलावर होते आणि बहिष्काराच्या धमकीपुढे दोघांनाही वाकावं लागलं, देशातली एवढी हुशार माणसं, आणि कारण काय तर एक कप चहा. बहिष्कार हा त्या काळचा कायदाच होता, फक्त कुठे छापलेला नव्हता.

ह्याच्या जोडीला शाहू महाराजांची गोष्ट वाच, मला वाटतं ती जास्त मोठी आहे. गंगाराम कांबळे म्हणून त्यांच्याकडे एक दलित नोकर होते, पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना मार खावा लागला. महाराजांनी त्यांना कोल्हापुरात चहाचं हॉटेल काढायला मदत केली, आणि गाडी तिथे थांबवून स्वतः चहा घ्यायचे, बरोबरच्या मानकऱ्यांनाही प्यायला लावायचे. दरबाराच्या हुकुमाने जे झालं नसतं ते राजाने रस्त्यावर सगळ्यांच्या देखत केलं.

प्रश्न: बोस्टन टी पार्टी ही चहावर टॅक्स वाढवला म्हणून झाली ना? आणि तो चहा आसामचा होता का?
— एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर: दोन्हीला नाही. १७७३ च्या टी अ‍ॅक्टने टॅक्स वाढला नव्हता, पौंडाला तीन पेन्सचा जुनाच होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या गोदामात चहा पडून होता, तो तिला थेट अमेरिकेत विकायची सूट मिळाली आणि चहा उलट स्वस्त झाला. पण ज्या पार्लमेंटमध्ये आमचा एकही माणूस नाही तिने लावलेला टॅक्स स्वस्तात पण भरायचा नाही ही त्यांची भूमिका, शिवाय तिथल्या व्यापाऱ्यांचा आणि स्मगलरांचा धंदा बुडणार होता तो वेगळा. १६ डिसेंबरला ३४२ पेट्या समुद्रात. चहा चीनचा होता, आसामची झाडं इंग्रजांना १८२३ च्या सुमाराला कळली.

प्रश्न: पुण्याची जर्मन बेकरी, मुंबईचं लिओपोल्ड... अतिरेकी नेहमी कॅफेच का शोधतात? आणि मग कडक कायदे केले तर बिघडलं कुठे?
— एक वाचक, विजय नगर, इंदूर

उत्तर: कारण तिथे दार उघडं असतं, अनोळखी माणसं शेजारी-शेजारी निवांत बसलेली असतात, आणि असं एक ठिकाण उडवलं की अख्ख्या शहराला घराबाहेर पडायची भीती बसते. ही पद्धत जुनी आहे. १२ फेब्रुवारी १८९४ ला पॅरिसमध्ये एमिल आंरी नावाच्या तरुण अराजकवाद्याने, म्हणजे कोणतंही सरकारच नको म्हणणाऱ्याने, कॅफे टर्मिनसमध्ये बॉम्ब टाकला. तिथे ना मंत्री होते ना पोलीस, बियर-कॉफी घेत संगीत ऐकणारी साधी माणसं होती. खटल्यात त्याने उलट सांगितलं की ह्यात कोणी निरपराध नसतंच. हा विचार कोणत्याही झेंड्याखाली आला तरी मला तो सारखाच घाण वाटतो, जर्मन बेकरीत २०१० मध्ये सतरा जण गेले, त्यातल्या कोणाचा कशाशी काय संबंध होता?

कडक कायद्यांचं म्हणाल तर बॉम्ब ठेवणाऱ्याला, त्याला पैसा आणि सामान पुरवणाऱ्याला सोडू नये, ह्यात दुमत नाहीच. फ्रान्सने डिसेंबर १८९३ ते जुलै १८९४ मध्ये घाईघाईने तीन कायदे केले, त्यात अराजकवादाचा प्रचार हाच गुन्हा ठरवला. मग ऑगस्टमध्ये तीस जणांवर एकत्र खटला भरला, लेखक, टीकाकार आणि चोर एकाच पिंजऱ्यात. ज्युरीने लेखक-विचारवंतांना सोडून दिलं, शिक्षा झाली ती चोरीच्या आरोपातल्यांना. लोक त्या कायद्यांना 'दुष्ट कायदे' म्हणायचे, आणि त्यातला तिसरा १९९२ पर्यंत पुस्तकात राहिला. म्हणून नवा कायदा आला की मी आधी बघते की तो कृत्याला पकडतोय की मताला, आणि अटकेतल्या माणसाला किती दिवसांत कोर्टासमोर उभं राहता येतं.

आसामच्या मळ्यांतल्या मजुरांवर आणि १८५८ मध्ये फाशी दिलेल्या तिथल्या चहामळेवाल्या मणिराम दिवाणांवर पण प्रश्न आलेत, ते पुढच्या अंकात सविस्तर घेते.