शिबिराचा पहिला दिवस

लेकीला दादरच्या चित्रं-लेझीमच्या शिबिराला पहिल्यांदा पाठवताना काय तयारी करायची, असं विचारलंत. तुमची लेक घरीच शिकते ना, मग तिला चित्रं किंवा लेझीम जड जाणार नाही. जड जाईल ती रांग आणि तीस पोरांचा गलका. आदल्या दिवशी दादरला नेऊन हॉल, पाण्याची जागा, बाथरूम दाखवून आणा. माझा मुलगा पहिल्या दिवशी दुपारपर्यंत सू दाबून बसला होता, कारण विचारायचं कुणाला हेच त्याला कळेना. अजून जीव तुटतो. वारली चित्रांचं सत्र असेल तर जुने कपडे घाला, गेरूचे डाग जात नाहीत. दोन त्रिकोण टोकाला टोक जोडले की माणूस उभा राहतो, हे घरी एकदा काढू द्या. डबा तिला स्वतः उघडता येईल असाच. आणि परतताना लोकलमध्ये प्रश्नांची सरबत्ती नको. माझा मुलुंडपर्यंत गप्प होता, रात्री वरणभात कालवताना वारली चित्रातला, तारपा वाजवणाऱ्याभोवतीचा अख्खा नाच सांगितला.