ॲम्पचा फूटस्विच कधी चालतो, कधी नाही. ॲम्प उघडावा लागेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गिटारच्या ॲम्पला दोन बटणांचा फूटस्विच (पायाने दाबायचा डबा) आहे, एक बटण चॅनल बदलायचं, एक रिव्हर्बचं, म्हणजे घुमणाऱ्या आवाजाचं. चॅनलचं बटण कधीकधी दोन-तीनदा दाबावं लागतं. वाजवताना वायरीवर पाय पडला की ड्राइव्ह (फाटका आवाज) जाऊन क्लीन (साफ आवाज) येतो. गेल्या महिन्यात वायर बदलली तेव्हापासून रिव्हर्बचं बटण मेल्यासारखं आहे. अहिराणी गाण्यांच्या ऑर्केस्ट्रात वाजवता, लग्नसराई तोंडावर आली आहे, आणि दुरुस्तीवाला म्हणतो ॲम्पच उघडावा लागेल.

भाऊ, ॲम्प उघडू देऊ नका, निदान इतक्यात तरी नको. या तीन तक्रारींचा एकमेकींशी संबंध नाही, आणि तिसरी तर बिघाडच नाही.

म्हणून सुरुवात तिसरीपासून. एकाच वायरीवर दोन बटणं चालतात तेव्हा स्टिरिओ पिन लागते. पिनेच्या टोकावर एक बटण, मधल्या रिंगवर दुसरं, आणि मागचा दांडा दोघांचा सामाईक ग्राउंड. दुकानात नुसती ‘गिटारची वायर’ मागितली की मोनो वायर हातात पडते. मोनो पिनेला रिंग नसते, त्या जागी दांडाच पुढे आलेला असतो. ती आत घातली की जॅकमधली रिंगची पत्री थेट ग्राउंडला टेकते, आणि ॲम्पला वाटतं की रिव्हर्बचं बटण कायम दाबलेलंच आहे. मग तुम्ही वर कितीही नाचलात तरी काय होणार! पिनेवरच्या काळ्या पट्ट्या मोजा. एक असेल तर मोनो, दोन असतील तर स्टिरिओ. आपल्याकडे दुकानदार या जाड पिनेला पी-३८ म्हणतात, तेव्हा ‘पी-३८ स्टिरिओ, दोन्ही टोकांना’ असं सांगा. तयार मिळाली नाही तर दोन कोअरची (आतल्या तारांची) शील्डवाली (त्यांच्याभोवती तारांची जाळी असलेली) वायर आणि दोन पिना घेऊन घरी जोडा: एक कोअर टोकाला, दुसरी रिंगला, शील्ड दांड्याला. दोन्ही टोकांना रंगांचा क्रम तोच ठेवा, नाहीतर बटणांची अदलाबदल होईल.

आता चॅनल. चॅनल आपोआप कोणत्या बाजूला पडतो, यावरून बरंच कळतं. तुमच्याकडची मोनो वायर ॲम्पच्या फूटस्विच जॅकमध्ये घाला, दुसरं टोक मोकळं सोडा. हा झाला तुटलेला संपर्क. आता मोकळ्या पिनेचं टोक आणि दांडा एका तारेच्या तुकड्याने जोडा, म्हणजे झाला जोडलेला संपर्क. दोन्ही वेळा कोणता चॅनल येतो ते लिहून ठेवा. पायाने हललेल्या वायरीमुळे तुटलेल्या बाजूचा चॅनल येत असेल तर कुठेतरी लूज कॉन्टॅक्ट आहे. जोडलेल्या बाजूचा येत असेल तर वायर आत शॉर्ट होतेय, बहुतेकदा पिनेच्या झाकणाखाली शील्डची एखादी सुटी तार टोकाच्या पत्रीला टेकलेली सापडते.

याच चाचणीत ॲम्पचाही निकाल लागतो. तार दहा-वीस वेळा टेकवा-उचला. दर वेळी चॅनल बिनचूक बदलला तर ॲम्प निर्दोष, पुढचं सगळं डब्यात आणि वायरीत शोधायचं. तरीही चुकला, किंवा ॲम्पवर थाप मारल्यावर बदलला, तर मात्र ॲम्पचा जॅक किंवा रिले (आतला विजेवर चालणारा स्विच) बघावा लागेल. ते जाणकाराकडे द्या. व्हॉल्व्हच्या ॲम्पमध्ये बटण बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणा व्होल्टेज उरतो.

एक गोष्ट दोनदा वाचा. ॲम्पच्या मागे स्पीकरचा जॅकही अगदी असाच दिसतो. वरची चाचणी चुकून तिथे केली तर आउटपुट जळू शकतं. जॅकवरचं नाव बोटाने पुसून वाचा, मगच पिन घाला. आणि तुमचा स्विच चार-सहा बटणांचा, पाच किंवा सात पिनांच्या गोल कनेक्टरचा असता तर ही चाचणी लागूच पडली नसती. त्यात स्वतंत्र सर्किट असतं.

आता मल्टिमीटर बझरवर ठेवा, म्हणजे जोड असला की तो वाजेल. आधी नुसती वायर तपासा: टोक ते टोक, रिंग ते रिंग, दांडा ते दांडा वाजलं पाहिजे, आडवंतिडवं कुठेही वाजता कामा नये. बझर वाजत असताना पिनेच्या मागचा चार-पाच सेंटीमीटरचा भाग चारी बाजूंनी वाकवा. वायर मधोमध क्वचित तुटते, तुटते ती तिथेच. आवाज खरखरला तर तेवढा तुकडा कापून टाका आणि नव्याने सोल्डर करा. पिनेतला क्लँप वायरीच्या बाहेरच्या आवरणाला पकडेल असा दाबा. नुसत्या कोअरला पकडला तर दोन कार्यक्रमांत परत तेच.

मग वायर डब्यात घालून ॲम्पकडच्या पिनेवर मोजा. टोक आणि दांडा यांत मीटर धरून चॅनलचं बटण दाबत राहा, एकदा वाजेल, एकदा गप्प. बझरवर भागत नाही, ओहमवरही बघा. प्रोब एकमेकांना टेकवल्यावर जो आकडा येतो (साधारण ०.२ ते ०.५ ओहम), त्याच्या आसपास राहिलं पाहिजे. दर दाबाला कधी २, कधी ४० असं नाचत असेल तर आतले कॉन्टॅक्ट खराब झालेत. डब्यावर एलईडी असेल तर बझर गप्प राहू शकतो, कारण दिवा वाटेत असतो. मीटर डायोडवर ठेवून प्रोब उलटसुलट करा, लाल दिव्याला १.८ व्होल्टच्या जवळपास दिसतं.

‘दोन-तीनदा’ दाबावं लागतं म्हणता, तर नक्की मोजा. खटका लागून राहणाऱ्या स्विचचे कॉन्टॅक्ट काळे पडले असतील तर जोडण्याच्या बाजूला जाताना एकदा चुकल्यावर तिसऱ्या दाबाला लागतो, कारण दुसऱ्या दाबात तो पुन्हा तुटलेल्या जागी जातो. परतताना मात्र कधीच चुकत नाही. दोन्ही दिशांना दुसऱ्याच दाबात लागत असेल तर आतला खटका झिजलाय. आणि स्विच नुसता दाबेपुरता जोडणारा असेल, तर खराब कॉन्टॅक्ट एका दाबात दोन ठोके देतो: चॅनल जातो आणि लगेच परत येतो.

डबा उघडल्यावर आधी जॅकचा नट बघा. तो ढिला असेल तर पिन फिरवताना अख्खा जॅक फिरतो आणि आतल्या वायरी पिळून तुटतात. सोल्डर राखाडी, खडबडीत दिसलं की ते ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला जोड, समजा. आयर्न टेकवून थोडं नवं सोल्डर द्या. जॅकच्या पत्र्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पॉलिश पेपर नको, मुलामा निघून जातो. पेट्रोल आणि शिलाई मशीनचं तेल तर अजिबात नको. तापीकाठच्या काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक असते. शेतातल्या मंडपात किंवा सारंगखेड्याच्या यात्रेत ती डब्यात शिरते, आणि तेलावर तिचा चिखलच होतो.

स्विचच खराब निघाला तर साफ करत बसू नका, बदला. बंद बनावटीच्या स्विचमध्ये स्प्रे नीट पोचत नाही, आणि नवा स्विच गिटारच्या तारांच्या एका संचापेक्षा स्वस्त पडतो. जुना खटक्याचा असेल तर खटक्याचाच घ्या. चुकून दुसरा बसवला तर पाय ठेवलाय तोवरच ड्राइव्ह राहील. अल्कोहोल, सोल्डर जळगावात गोलाणी मार्केटला मोबाईलवाल्यांकडे विचारा, स्विच मात्र मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा ऑनलाइन मागवा. वायरी काढण्याआधी मोबाईलवर फोटो काढा. २५ ते ४० वॅटचा आयर्न घ्या, स्विचच्या एका पायावर (वायर जोडायच्या पत्रीवर) तीन सेकंदांच्या वर टेकवू नका आणि दोन पायांमध्ये थोडं थांबा. जास्त तापवलं की आतलं प्लॅस्टिक मऊ होऊन पाय हलतो, ग्रीस वितळून कॉन्टॅक्टवर जातं, आणि कोरा स्विच पहिल्या दिवसापासून चुकायला लागतो.

फूटस्विचच्या लोखंडी डब्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, किंवा टेस्टर त्यावर पेटत असेल, तर दोष स्विचचा नाही. जनरेटरला अर्थिंग नाही किंवा कुणीतरी थ्री-पिनचा जाड पाय, म्हणजे अर्थिंगचा, कापलाय. ते नीट होईपर्यंत वाजवू नका.

ऐन कार्यक्रमात दगा दिला तर फूटस्विचची पिन ॲम्पमधून काढूनच टाका. बऱ्याच ॲम्पमध्ये ती आत असेपर्यंत पुढचं चॅनलचं बटण निकामी असतं, काढली की ते परत चालू होतं. ॲम्प हाताच्या अंतरावर ठेवा, रात्र निघून जाते.