आधी विचार, काय हवंय

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. नाताळच्या आधी तुम्ही सगळ्या तरुणांनी मिळून ब्लँकेटं वाटलीत, फोटोही काढलेत, पण मन कोरडंच राहिलं. माझ्यात ख्रिस्ताची प्रीती नाहीच का, असं तू विचारलंस.

मन किती भरून आलं यावर प्रीती मोजू नकोस. लूकच्या शुभवर्तमानातली, लुटारूंनी जखमी करून टाकलेल्या अनोळखी माणसाला मदत करणाऱ्या शोमरोन्याची गोष्ट पुन्हा वाच. त्याला कळवळा आला, हे लूक एकदाच सांगतो आणि लगेच कामांकडे वळतो: जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, स्वतःच्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं, तिथे काळजी घेतली. दुसऱ्या दिवशी तो आपल्या वाटेने निघालासुद्धा, कारण त्यालाही त्याचे व्याप होतेच. पण निघताना उतारशाळेच्या मालकाच्या हातावर दोन दिनार ठेवले आणि जास्त खर्च झाला तर परत येताना देतो म्हणून सांगितलं. तू नोकरी सोडून सेवेला वाहून घ्यायचा विचार करण्याआधी त्याच्याकडे बघ. आपला प्रवास चालू ठेवून त्या माणसाकडे परत यायचं त्याने ठरवलं होतं. तुम्ही ब्लँकेटं दिलेल्यांपैकी कोणाकडे पुन्हा गेलात का?

दुसरी गोष्ट बार्तिमयाची. आंधळा माणूस रस्त्याकडेला ओरडतोय, त्याला काय हवंय ते सगळ्या गर्दीला कळतंय. तरी येशू त्याला विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं? त्याने स्वतःच्या तोंडाने मागावं, एवढा मान येशूने त्याला दिला. आपण मात्र न विचारताच पिशव्या भरून निघतो.

मी नर्स होते तेव्हाचं सांगते. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, सिंधुदुर्गातले पेशंट किती येतात ते तुला माहीत आहे. दोडामार्ग, सावंतवाडी, कुडाळ, पार मालवणपासून. अशीच एक बाई नवऱ्याच्या खाटेशी बसून होती. उशाशी बिस्किटांचे पुडे रचलेले, कारण येणारा प्रत्येकजण तेवढंच ठेवून जायचा. मी विचारलं, तेव्हा आधी काही नको म्हणाली. मग हळूच म्हणाली, "सिस्टर, आंघोळ करायची होती, पण डॉक्टर राउंडला आले तर?" गाव सोडल्यापासून तिने अंगावरचं लुगडं बदललं नव्हतं. केसपेपरची प्लास्टिकची पिशवी ती मांडीवरून खाली ठेवत नव्हती. भेटायला आलेल्या एका मुलीला मी तिच्या जागी बसवलं. बाई आंघोळ करून आली, खाली जाऊन गरम चहा प्यायली, आणि परत आल्यावर पहिल्यांदा आपल्या मुलांबद्दल बोलली. ती मुलगी दुसऱ्या दिवशीही आली. ख्रिस्ताची प्रीती कशी दिसते असं कोणी मला विचारलं, तर ती खुर्चीवर बसलेली मुलगी माझ्या डोळ्यांसमोर येते.

आणि आपल्याच मातीतले संत जुझे वाझ बघ. जन्म बाणावलीचा, घर सांकवाळचं. डचांनी कॅथलिकांचा छळ मांडलेल्या श्रीलंकेत ते १६८७ साली मजुराच्या वेषात उतरले. दहा वर्षांनी कँडीत देवीची साथ आली. ज्यांना शक्य होतं ते शहर सोडून पळाले, आजाऱ्यांना रानात टाकून दिलं जात होतं. फादर वाझ आणि त्यांचे भाचे तिथेच राहिले; त्यांनी आजाऱ्यांना आसरा दिला, खाऊ घातलं, जखमा धुतल्या, मेलेल्यांना पुरलं. हे करताना त्यांनी कोणाचा धर्म पाहिला नाही. २०१५ मध्ये त्यांना संतपद मिळालं, पण मला त्यांचं संतपण त्या धुतलेल्या जखमांमध्येच दिसतं. तूही सेवेला कसली अट लावू नकोस. समोरचा त्याच्या स्वतःच्या देवाचं नाव घेत असेल तर घेऊ दे.

थोडं व्यवहाराचं. खाटेवरच्या माणसाचा फोटो नको. पेशंटला काही खायला देण्याआधी वॉर्डातल्या सिस्टरला विचार. तुझ्या प्रेमाच्या लाडवाने कोणाची साखर चढायला नको. पैशांचं वचन जपून दे, पण उद्या येतो म्हणालं की जायचंच. वाट बघत बसलेला आजारी माणूस दाराकडे किती वेळा बघतो, ते मी पाहिलंय.

याईराच्या मुलीला उठवल्यावर येशूने काय सांगितलं, आठवतं? हिला काहीतरी खायला द्या. मेलेलं लेकरू उठल्याने सगळे थक्क झालेले, आणि त्याला मात्र तिची भूक लक्षात होती! असं लक्ष देवाकडे माग. भरून येणारं मन त्याला द्यायचं तेव्हा तो देईल.

येत्या शनिवारी हॉस्पिटलात सगळा ग्रुप घेऊन जाऊ नकोस. बरोबर एकच जण ने, हात रिकामे ठेव, भेटीच्या वेळेत जा आणि ज्याच्याजवळ कोणी नाही त्याच्याजवळ बस. रविवारी मिस्सा झाल्यावर फोन कर. कोणाला काय हवंय ते कळलं, की पुढचं आपण दोघं मिळून बघू.

तुझी,
मावशी