दिवसभर उभं राहून काम करणं तब्येतीला चांगलं असतं का? स्टँडिंग डेस्क घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की घरून काम करता, आठ-नऊ तास खुर्चीत बसून पाठ धरते, आणि बसणं म्हणजे सिगारेट ओढण्याइतकंच वाईट असं कुठंतरी वाचलं म्हणून आता स्टँडिंग डेस्क घेऊन दिवसभर उभ्यानेच काम करायचा विचार आहे. तर दिवसभर उभं राहू नका. मी नऊ वर्षं उभी राहिलेय म्हणून सांगतेय.

२००६ ला मी लक्ष्मी रोडवरच्या एका साडीच्या दुकानात लागले. तेव्हा तिथं गाद्या होत्या. पांढऱ्या चादरी घातलेल्या, गिऱ्हाईक चपला काढून समोर बसायचं आणि आम्ही पण मांडी घालूनच माल दाखवायचो. पण बसून असलो तरी एका जागी नसायचो, ऊठ, मागच्या कपाटातून गठ्ठा काढ, बस, पदर उलगड, गुडघ्यांवर होऊन पलीकडच्या बाईपुढे साडी टाक, घडी घाल, परत ऊठ. रात्री दमलेली असायचे पण पाय कधी सुजले नाहीत. २०११ ला दुकानाचं रिनोव्हेशन झालं, गाद्या गेल्या, काचेचे काउंटर आले, गिऱ्हाइकांना स्टुलं आणि आम्ही मागे उभ्या. सकाळी साडेदहा ते रात्री नऊ, मध्ये डब्याला अर्धा तास. गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही, कारण मुली बसलेल्या दिसल्या की दुकान चालत नाही असं वाटतं म्हणे. कॅमेरे लागल्यावर तर कपाटाला नुसतं टेकलं तरी वरून फोन यायचा. लग्नसराईत निदान धावपळ असायची, खरे हाल भर पावसाळ्यात, दुपारी तीन-चार तास एक माणूस आत येत नसे आणि आम्ही सहाजणी एका फरशीवर पुतळ्यासारख्या. त्या तासांनीच माझे पाय घालवले असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी पैंजण रुतायला लागलं. रात्री काढलं की त्याची नक्षी घोट्यावर उमटलेली दिसायची, नडगीवर बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि भरून यायला वेळ लागायचा. घरी सगळ्यांचं एकच, उशी घे पायाखाली, सकाळी उतरेल. उतरायची पण. मग डाव्या पोटरीवर गाठी-गाठींची निळी नस दिसायला लागली, घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळी पडली, खाज सुटायची, एकदा खाजवताना नख लागलं आणि ती एवढीशी जखम तीन महिने भरेना. तेव्हा कुठं डॉपलर केली, म्हणजे नसांतलं रक्त कसं वाहतं ते बघायची सोनोग्राफी, आणि निघालं व्हेरिकोज व्हेन्स, म्हणजे फुगलेल्या नसा. डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं. पायातलं रक्त वर चढवायचं काम पोटरीचा स्नायू करतो, चालताना तो आवळतो आणि नसा पिळल्या जातात, आणि नसांमधल्या झडपा रक्त परत खाली येऊ देत नाहीत. नुसतं उभं राहिलं की पंप बंद. घोट्याजवळच्या नसांमध्ये तेव्हा ८०-९० मिलिमीटर (बीपी मोजतात तसा) दाब असतो, चालायला लागलं की तोच २०-३० पर्यंत उतरतो. वर्षानुवर्षं असा भार पडला की झडपा नीट मिटेनाशा होतात आणि रक्त खालीच साचतं. २०१९ ला लेझर केलं, ६५ हजार गेले.

आणि त्याच वर्षी दिवाळीला माझा मोठा भाऊ, आयटीमध्ये आहे, त्याने असाच बटणावर वर-खाली होणारा टेबल घेतला होता, तो सगळ्यांसमोर मला म्हणाला, तुझं बरंय गं, तुला दिवसभर उभं राहायला मिळतं, आम्हाला त्यासाठी पैसे मोजावे लागतात. मी पायात नसांसाठीचे घट्ट मोजे घालून बसले होते आणि काही बोलले नाही. वहिनी म्हणाली, आपली आजी पण शेतात दिवसभर उभीच असायची की. नव्हती उभी! आजी चालायची, वाकायची, उकिडवी बसून खुरपायची, बांधावर टेकायची. तिला कोणी एका फरशीवर उभं करून ठेवलं नव्हतं. तेव्हा बोलायला हवं होतं ते आज लिहितेय.

केरळमध्ये कोळिकोडच्या कापड दुकानांतल्या बायका ह्याच गोष्टीसाठी लढल्या. विजी पेनकूट्ट म्हणून शिवणकाम करणारी बाई, तिने आधी संडासासाठी आणि मग बसण्यासाठी सगळ्यांना एकत्र केलं, आणि २०१८ ला तिथं कायदा बदलून दुकानात बसायला जागा देणं बंधनकारक झालं. २०२१ ला तामिळनाडूनेही केलं. कारखान्यांसाठी तर १९४८ च्या कायद्यातच कलम ४४ होतं, उभ्याने काम करणाऱ्याला संधी मिळेल तेव्हा बसायची सोय द्या. बसायला मिळावं म्हणून बायकांना आंदोलन करावं लागतं आणि इकडे उभं राहणं म्हणजे व्यायाम असं सांगून टेबलं विकतात, ह्याचा मला राग येतो. उभं राहून तासाला जेमतेम आठ-नऊ कॅलरी जास्त जळतात.

तुमच्या पाठीचं म्हणाल तर मणक्यातल्या गादीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो, दाब पडला-सुटला की तिच्यात पाणी आणि पोषण आत-बाहेर होतं. म्हणजे ताठ बसा की वाकून बसा, तासन् तास एकाच पोझिशनमध्ये राहिलात तर ती आखडणारच. अर्ध्या-पाऊण तासाने उठा, फोन आला की चालत बोला. टेबल घ्यायचाच असेल तर घ्या, पण आलटून-पालटून वापरा.

माझ्या आईलाही नसांचा त्रास होता आणि माझी दोन बाळंतपणं झालीत, त्यामुळे सगळा दोष उभं राहण्याचा नाही, हे डॉक्टरांनीही सांगितलं होतं. आणि गाद्यांवरच्या जुन्या सेल्समनचे गुडघे गेलेले मी बघितलेत, तेव्हा मांडी घालणं पण सगळ्यांना सोसतं असं नाही. तुमच्या पायात मुंग्या येत असतील, बधिरपणा असेल किंवा लघवीवर ताबा राहत नसेल तर इथं विचारत बसू नका, लगेच डॉक्टर गाठा.

२०२० ला दुकान सोडलं. आता घरी फॉल-पिको करते. मशीन मुद्दाम पायाची ठेवलीये, पोटरी हलती राहते, फॉल लावायला खाली सतरंजीवर बसते आणि इस्त्री उभ्याने. इस्त्री करताना एक पाय पाटावर ठेवते, थोड्या वेळाने दुसरा. तो पाट तुम्ही पण टेबलाखाली ठेवा, कमरेला बराच आराम पडतो.