पुस्तक उघडून पाहिलंत का? – वाचकांचे प्रश्न

क्रमिक पुस्तकं, गाईडं आणि संदर्भग्रंथांविषयी आलेल्या पत्रांत 'भाषा सोपी आहे', 'फार उपयोग झाला' अशी वाक्यं भरपूर आहेत. त्यांवरून दुसऱ्या कुणाला ते पुस्तक घ्यावं की नाही, हे ठरवता येत नाही. कुठल्या पानावर नेमकं काय आढळलं हे ज्यांनी लिहिलंय, त्यांचीच पत्रं या वेळी घेतली आहेत.

प्रश्न : आमच्याकडच्या बीजगणिताच्या गाईडमध्ये एकूण एक उदाहरण सोडवून दिलेलं आहे. थोरल्या मुलीला ते फार आवडतं. धाकट्याचे शिक्षक मात्र म्हणतात, कपाटात कुलूप लावून ठेवा. कुणाचं ऐकायचं?

उत्तर : दोघांचंही, पण वेगवेगळ्या वेळी. माणूस कसा शिकतो याचा अभ्यास करणारे संशोधक जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांचे बीजगणितावरचे प्रयोग १९८५ साली प्रसिद्ध झाले. प्रकार अगदी नवा असेल, तर स्वतः झटापट करण्यापेक्षा सोडवलेली उदाहरणं नीट अभ्यासणाऱ्यांना पुढची तशीच उदाहरणं कमी वेळात आणि कमी चुका करून सुटली. मात्र हात बसला की हा फायदा ओसरतो, आणि पुढे तर तयार उत्तर वाचणं हा निव्वळ वेळेचा अपव्यय ठरतो, असं नंतरच्या अभ्यासांत दिसलं. तेव्हा गाईड धड्याच्या सुरुवातीला उघडावं आणि स्वाध्यायाच्या मध्यावर मिटावं.

मिटायचं कसं, तर हळूहळू. पहिलं उदाहरण पूर्ण वाचा आणि प्रत्येक पायरीशेजारी 'हे का केलं' ते चार शब्दांत लिहा. दुसऱ्या उदाहरणाची शेवटची पायरी कागदाने झाका आणि ती स्वतः करा. तिसऱ्याच्या शेवटच्या दोन झाका. चौथं पूर्ण झाकून सोडवा. शेवटाकडून झाकत आल्यामुळे मूल मधेच अडकून पडत नाही, कारण सुरुवातीची वाट समोर दिसत असते. जी पायरी अडेल, तेवढीच उघडून पाहायची.

पण त्याआधी गाईड विश्वासाचं आहे का, ते बघा. क्ष² = ५क्ष अशा धर्तीचं समीकरण त्यात कसं सोडवलंय ते शोधा. 'दोन्ही बाजूंना क्ष ने भागून क्ष = ५' असं छापलं असेल, तर दुसरं उत्तर, क्ष = ०, गायब झालेलं आहे. क्ष शून्य असू शकतो आणि शून्याने भागता येत नाही, म्हणून सगळं एका बाजूला घेऊन क्ष(क्ष − ५) = ० असंच लिहायला हवं. या एका जागी घसरणारं गाईड इतर ठिकाणीही घाईत लिहिलेलं असण्याची दाट शक्यता आहे. 'सोपं रूप देऊन' असं म्हणून एका ओळीत तीन पायऱ्या उरकणारी गाईडंही तशीच. मूल नेमकं त्याच ओळीत अडतं.

प्रश्न : भौतिकशास्त्राच्या एका सरावपुस्तकाची उत्तरसूची चुकीची आहे, असं आमच्या अभ्यासगटाचं मत झालंय. २० मीटर उंचीवरून सोडलेली वस्तू जमिनीवर किती वेगाने आदळेल, या प्रश्नाला आमच्यातल्या तिघांची तीन उत्तरं आली. सूचीत १९.८ आहे.

उत्तर : तुमची उत्तरं २०, १९.८ आणि १९.६ मीटर प्रतिसेकंद अशी असतील, तर सूची निर्दोष आहे. आदळण्याचा वेग म्हणजे २ × गुरुत्वत्वरण × उंची याचं वर्गमूळ. गुरुत्वत्वरण १० धरलं की वर्गमूळ ४०० चं निघतं, म्हणजे २०. ९.८ धरलं की ३९२ चं, म्हणजे १९.८. तिसऱ्याने आधी वेळ काढली असणार. ती २.०२ सेकंद येते. त्याने ती २.० अशी छाटून ९.८ ने गुणली, म्हणून १९.६. मधल्या पायरीत आकडे छाटले की असं होतं. निदान दोन जादा आकडे शेवटपर्यंत बाळगा आणि फक्त अंतिम उत्तर पूर्णांकित करा. ९.८ घ्यायचं की १०, हे बहुधा धड्याच्या सुरुवातीला किंवा स्वाध्यायाच्या वरच्या सूचनेत दिलेलं असतं. ती ओळ कुणी वाचत नाही.

सूची खरोखर चुकलेली असते, तेव्हा चूक निराळी दिसते. चिन्ह उलटं असतं, दशांशचिन्ह एक घर सरकलेलं असतं, किंवा तुमचं १४ चं उत्तर सूचीत १५ समोर सापडतं. हा शेवटचा प्रकार नव्या आवृत्तीत एखादं उदाहरण गाळलं आणि सूची तशीच ठेवली की होतो. तेव्हा एक उत्तर जुळलं नाही तर मागचं-पुढचं पाहा. सगळीच एकाने सरकलेली असतील तर पेन्सिलने क्रमांक दुरुस्त करून टाका, पुस्तक वापरायला हरकत नाही. प्रकाशकाने शुद्धिपत्र काढलंय का, तेही बघावं.

प्रश्न : जुनी आवृत्ती चालेल का? मतं अगदी टोकाची ऐकू येतात.

उत्तर : विषयावर आहे. बीजगणित, भूमिती, कलनशास्त्र यांची चांगली जुनी पुस्तकं बेधडक घ्या. अडचण फक्त स्वाध्यायांचे क्रमांक न जुळण्याची. विज्ञानाच्या पुस्तकात तीन जागा पाहा. आवर्तसारणीत ११३, ११५, ११७ आणि ११८ या जागी निहोनियम, मॉस्कोव्हियम, टेनेसीन आणि ओगॅनेसॉन ही नावं आहेत का? ती २०१६ मध्ये निश्चित झाली. किलोग्रॅमची व्याख्या प्लॅटिनम-इरिडियमच्या दंडगोलावरून दिली असेल, तर मजकूर २० मे २०१९ च्या आधीचा आहे. त्या दिवसापासून ती प्लांकचा स्थिरांक या निसर्गातल्या न बदलणाऱ्या संख्येवर बांधली गेली. आणि प्लूटो नववा ग्रह असेल, तर ते पान २००६ च्या अलीकडे कुणी तपासलेलं नाही.

'नवीन' या शब्दाला मात्र भुलू नका. पुनर्मुद्रण म्हणजे तोच मजकूर पुन्हा छापलेला, आवृत्ती म्हणजे मजकुरात बदल केलेला. आवृत्ती बदलली की आयएसबीएनही (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक) नवा घ्यावा लागतो. नुसत्या पुनर्मुद्रणाला तो तोच राहतो. काही पुस्तकांत मुद्रणहक्काच्या पानावर १० ९ ८ ७ ६ ५ ४ ३ अशी आकड्यांची ओळ असते. तिच्यातला सर्वांत लहान आकडा म्हणजे कितवं मुद्रण, इथे तिसरं. आवृत्तीशी तिचा संबंध नाही.

प्रश्न : एका विज्ञानकोशाच्या रंगीत चित्रांची सगळ्यांनी वाखाणणी केलीय. मजकुराचा दर्जा विषयतज्ज्ञ नसलेल्याने कसा ओळखावा?

उत्तर : वर्षानुवर्षं एका पुस्तकातून दुसऱ्यात उतरत आलेल्या काही चुका आहेत. त्या शोधा. जिभेच्या टोकाला गोड आणि मागे कडू असा नकाशा काढलाय का? तो १९०१ च्या एका जर्मन निबंधाच्या चुकीच्या वाचनातून रूढ झाला. सगळ्या मूळ चवी जिभेच्या सगळ्या चव घेणाऱ्या भागांवर कळतात. विमानाच्या पंखावरची आणि खालची हवा मागच्या कडेला एकाच वेळी पोचते, असं म्हटलंय का? प्रत्यक्षात वरची आधी पोचते. शिरांमधलं रक्त निळं असल्याचं लिहिलंय का? ते गडद लाल असतं. आकृतीत निळा रंग केवळ ओळख पटावी म्हणून देतात, आणि चांगलं पुस्तक तसं आकृतीखाली सांगतं. तीनही जागी पुस्तक तरलं, तर लेखकाने मूळ संदर्भ चाळले असावेत असं मानायला हरकत नाही.

जाता जाता पुस्तकाच्या शेवटची शब्दसूचीही पाहा. 'ऊर्जा' या एका शब्दापुढे पोटशीर्षकाशिवाय तीस पानांचे क्रमांक ओळीने दिले असतील, तर ती सूची यंत्राने काढून दिलेली आहे. तिच्यातून काही सापडणार नाही.

प्रश्न : इतिहासाचं पुस्तक तीनदा वाचलं, अर्धं पिवळ्या पेनाने रंगवलं, तरी परीक्षेत आठवत नाही. पुस्तकच वाईट आहे, असं माझं मत.

उत्तर : पुस्तकावरचा आरोप मागे घ्या. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने न बघता आठवून लिहून काढला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर त्यांना सुमारे ४२ टक्के आठवलं, लिहून काढणाऱ्यांना ५६. तुमच्या बाबतीत वाचताना 'हे ओळखीचं आहे' असं वाटणं हीच आठवण समजली गेली. एक प्रकरण वाचा, पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर घटना, साल आणि कारण लिहा, मग उघडून ताळा करा. दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने पुन्हा तेच करा. जे राहून गेलं, तेवढंच रंगवा. पान अर्ध्याहून जास्त पिवळं झालं, तर रंगवण्याला काही अर्थ उरत नाही.

प्रश्न : जाडजूड संदर्भग्रंथ महिन्याभरात मधोमध फाटला. बांधणी वाईट की आमचा हात?

उत्तर : वरून कण्याकडे बघा. पानांचे दुमडलेले छोटे गठ्ठे वेगवेगळे दिसत असतील, तर बहुधा शिवण आहे. सगळी पानं सपाट कापून एका डिंकाच्या थरात बसवली असतील, तर नुसती चिकटवलेली बांधणी; ती मधोमध ताडकन उघडली की डिंकाला तडा जातो आणि तिथून पानं सुटतात. नवं पुस्तक कण्यावर उभं धरा, आधी दोन्ही पुठ्ठे खाली सोडा, मग पुढून दहा-पंधरा आणि मागून दहा-पंधरा पानं आळीपाळीने हलक्या हाताने दाबत मध्यापर्यंत या. फाटलेल्या पुस्तकाला चिकटपट्टी लावू नका. ती पिवळी पडते आणि निघताना अक्षरं घेऊन जाते. सुटलेल्या पानाच्या आतल्या कडेला पांढऱ्या डिंकाची बारीक रेघ ओढा, पान कण्यापर्यंत सरकवून बसवा, दोन्ही बाजूंना मेणकागद घाला आणि रात्रभर वजनाखाली ठेवा.